गोठ्याची वही

हॅड्रिकांच्या गोठ्यात भिंतीला एक खिळा होता. खिळ्याला सुतळी, सुतळीला पेन्सिल बांधलेली, आणि तिच्याखाली फळीवर वही. दिवसाच्या दोन धारा, पहाटेची आणि दुपारची, कुणी काढल्या, किती वाजता सुरू केल्या, किती वाजता संपवल्या, कुठल्या गाईची कास तापलीय, हे सगळं त्या वहीत लिहायचं. डिसेंबरपासून त्या वहीत एकच नाव होतं. टीगन. पहाटे टीगन, दुपारी टीगन. नाताळच्या दिवशीसुद्धा टीगन. फेब्रुवारीतल्या एका पानावर अक्षर जरा वेडंवाकडं होतं, तेव्हा अंगात ताप होता. पण नाव टीगनचंच.

तिला त्या वहीचा अभिमान होता, आणि का नसावा? एकशेऐंशी गाई एकटीने पिळायच्या म्हणजे खेळ नव्हे. मधल्या खड्ड्यात उभं राहायचं, दोन्ही अंगांना वरच्या ओट्यांवर गाईंच्या ढुंगणांच्या रांगा, आणि हात वर करून एकेका कासेला मशीनचे चार कप लावत जायचं. मनगटं सुजायची. शेणाचा शिंतोडा कधी कानात जायचा, कधी तोंडात. थुंकायचं आणि पुढची गाय घ्यायची.

पूर्वी या कामाला कीथ होता. अकरा वर्षं होता. पण यंदा वर्ष वाळकं गेलं, कुरणं पावाच्या करपलेल्या कडेसारखी झाली, आणि डिसेंबरमध्ये तिच्या नवऱ्याने, डार्सीने, कीथला कामावरून काढलं. तेव्हा डार्सी तिला म्हणाला होता, "तुझ्यासारखा हात गाईंना कुणाचाच सोसत नाही बघ. काढशील ना दोन्ही धारा? आणि वेळा जरा नीट लिहीत जा वहीत. दूध कंपनीवाले हल्ली नोंदी बघतात."

नवऱ्याने बारा वर्षांत केलेलं हे बहुधा दुसरंच कौतुक. ती हुरळली. कंपनीवाल्यांपैकी वही बघायला आजतागायत कुणी आलं नव्हतं.

मग फेब्रुवारीत एका रविवारी, जेवणाच्या टेबलावर, बटाट्याची साल सोलता सोलता डार्सीने सांगून टाकलं की आपलं काही जमत नाही, इथून पुढे वेगळं राहू. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्याच संध्याकाळी तो आपला उशी-पांघरुणाचा गठ्ठा घेऊन आईच्या घरी गेला. आईचं घर म्हणजे काय, अंगणापलीकडे तीनशे पावलांवर. "घाई कसलीच नाही," तो म्हणाला होता. "पाऊस पडेपर्यंत तू राहा. धारा तेवढ्या चालू ठेव." ती रडली, मग डोळे पुसून पहाटे साडेचारला गोठ्यात गेली. पाऊस काही पडला नाही. एप्रिल संपला तरी आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी धार संपत आली होती तेव्हा डार्सी गोठ्यात आला. त्याने एक पाकीट वहीवर ठेवलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर पाना ठेवला.

"हे तुझ्यासाठी. हात धुऊन वाच."

"काय आहे?"

"वकिलाचं पत्र. पद्धत असते ती." तो चौदा नंबरच्या गाईकडे बघत होता. "हिची कास गरम वाटतेय. लिहून ठेव."

तिने हात धुतले नाहीत. तशीच खड्ड्यात उभी राहून वाचू लागली. पत्र शेजारच्या गावातल्या वकिलाचं होतं. शब्द मऊ होते, दुधावरच्या सायीसारखे, आणि खाली असं होतं की त्यांची आठ वर्षांची मुलगी विला हिने वडिलांकडे, राहत्या घरी राहावं. आईने दुसरीकडे बिऱ्हाड करावं आणि एकाआड एका शनिवार-रविवारी मुलीला न्यावं. न्यायाधीश जिल्ह्याच्या गावी वर्षातून मोजक्याच वेळा येत. या खेपेला ते बावीस तारखेला येणार होते. म्हणजे सतरा दिवस.

टीगनने पत्राची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. शब्द तेच होते. वरच्या रांगेतली गाय मुतली आणि पत्राच्या कोपऱ्यावर शिंतोडे उडाले. ते तिने बाहीने पुसले, जसं काही पत्र स्वच्छ राहिलं तर मजकूर बदलणार होता.

विला जाणार? शनिवार-रविवारी भेटायची? तिच्या केसांत उवा झाल्या तेव्हा चार तास कंगवा घेऊन कोण बसलं होतं? तिला पोहायला कुणी शिकवलं, त्या गढूळ तळ्यात?

ती वहीपाशी गेली, पेन्सिल धरली आणि लिहिलं: सुरू ४.३५, संपली ७.४०, चौदाची कास गरम. टीगन. सवय ती सवय.

*

गुरुवारी टारवांगाला गुरांचा बाजार असतो. त्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीतला माणूस गावात. टीगन पहाटेची धार उरकून निघाली. अंघोळ केली होती, विलाच्या वाढदिवसाला घेतलेला निळा सदरा घातला होता. पण गोठ्याचा वास कातड्यात मुरतो, तो साबणाला ऐकत नाही.

टारवांगात वकिलांच्या कचेऱ्या तीन. पहिलीत एक मुलगी टेबलाशी बसली होती. नखं रंगवलेली, चेहरा हसरा. टीगन आत आल्यावर तिने हळूच मागची खिडकी उघडली. टीगनला कळलं. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"काम कशाबद्दल होतं?"

"घटस्फोट. आणि मुलीचा ताबा."

"बरं. नाव सांगता?"

"टीगन हॅड्रिक."

मुलीची बोटं कॉम्प्युटरवर अक्षरं दाबता दाबता थांबली. तिने पडद्याकडे बघितलं, मग टीगनकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "एक मिनिट हं," म्हणून ती आत गेली. आतून पुटपुट ऐकू आली. बाहेर आली तेव्हा हसणं गेलेलं होतं.

"सॉरी, आम्हाला तुमचं काम घेता येणार नाही."

"मी अजून काही सांगितलंच नाही."

"सांगूही नका. प्लीज."

टीगनला वाटलं, काम फार असेल यांना. बाजाराचा दिवस, गर्दीचा दिवस. ती रस्ता ओलांडून दुसऱ्या कचेरीत गेली. तिथे वकील स्वतःच दाराशी होता, टक्कल पडलेला, ओठाला कॉफी लागलेली. तिने नाव सांगताच त्याने दोन्ही हात वर केले, समोरून बंदूक रोखल्यासारखे.

"थांबा. एक शब्द बोलू नका."

"पण माझी तारीख..."

"बाई, ऐका माझं. तुम्ही बोललात तर दोघांची पंचाईत होईल. नमस्कार." आणि त्याने दार लावून घेतलं. लावलं ते हळू लावलं, हेच जास्त लागलं. आदळलं असतं तर निदान रागवता आलं असतं.

तिसरी कचेरी क्लेम व्हार्कोची. म्हातारा क्लेम डार्सीच्या वडिलांचा, अल्फचा मित्र. अल्फच्या अंत्यविधीला त्याने टीगनच्या हातचे चार सँडविच खाल्ले होते. त्याच्याकडची बाई आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मागच्या अंगणात या, असं ते म्हणतायत. कचेरीत नको."

मागच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली क्लेम उभा. टोपी हातात. तो तिच्याकडे बघेना.

"पोरी, मला तुझ्याशी बोलता येत नाही."

"का?"

"का येत नाही तेही सांगता येत नाही. आमच्या धंद्याचा नियम आहे. एकदा एका बाजूचं ऐकून घेतलं की दुसऱ्या बाजूला कान बंद. कुणाचं ऐकलं ते बोलायचं नाही. मेलो तरी नाही."

टीगनचे कान लाल झाले. "डार्सी आला होता तुमच्याकडे?"

क्लेमने झाडाचं एक वाळकं पान तोडलं. "यंदा एक लिंबू धरलं नाही बघ याला."

"तिघांकडे गेला तो? सगळ्यांकडे?"

"माझी खुर्ची खिडकीशी आहे," क्लेम म्हणाला. "रस्ता दिसतो. समोर गाडी लावून कोण बसलंय तेही दिसतं. मला वाटलं होतं, तुला माहीत असेल." मग टोपी डोक्यावर घालून घाईघाईने म्हणाला, "लांब जा. ज्या गावात त्याला कधी घेऊन गेली नाहीस, तिथे जा. आणि मी तुला काही सांगितलेलं नाही."

ती गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली नाही.

नोव्हेंबरात दारू पिऊन गाडी चालवताना डार्सीला पोलिसांनी धरलं होतं. तीन महिने त्याचा परवाना गेला. तीन महिने टीगनने त्याला जिथे म्हणेल तिथे नेलं, कारण गावाकडे नवऱ्याला पायी चालत कोण पाठवतं? चार गुरुवार तो म्हणाला होता, "बाबांच्या मृत्युपत्राचं जरा काम आहे." चार गुरुवार तिने पहाटेची धार घाईने उरकली होती, त्याचा इस्त्रीचा सदरा काढून दिला होता. पहिल्या गुरुवारी त्या रंगवलेल्या नखांच्या कचेरीसमोर. दुसऱ्या गुरुवारी टकल्याच्या. तिसऱ्या गुरुवारी इथे, याच ठिकाणी, क्लेमच्या खिडकीसमोर. चौथ्या गुरुवारी तो म्हणाला, "शेजारच्या गावचा माणूस जरा हुशार आहे म्हणतात," आणि तिने त्याला तिथेही नेलं. उन्हात काच खाली करून बसली होती. तो बाहेर आला तेव्हा बेकरीतून त्याच्यासाठी गरम मटण पॅटिस आणून ठेवलं होतं, सॉस वेगळा.

"झालं काम?" तिने विचारलं होतं.

"झालं म्हणायचं," तो म्हणाला होता, आणि सॉस लावत पॅटिस खाल्लं होतं.

चारही दारांपाशी तिनेच त्याला उतरवलं होतं. टीगनला इतकी लाज वाटली की गाडीत एकटी असून तिने तोंड हातांत लपवलं.

*

डार्सी दुपारी पाण्याच्या टाकीशी होता. तरंगता गोळा अडकला होता, तो सारखा करत गुडघाभर चिखलात उभा. गाई लांबून बघत होत्या. टीगन कुंपणाला धरून उभी राहिली.

"तू सगळ्या वकिलांकडे जाऊन आलास."

"सल्ला घेतला." त्याने मान वर केली नाही. "चार माणसांना विचारावं, असं बाबाच म्हणायचे."

"माझ्यासाठी एक ठेवला नाहीस."

"जगात वकील तेवढेच आहेत का?" त्याने गोळा दाबून सोडला. पाणी सुरू झालं. "हे बघ टीगन, मी तुझं वाईट करत नाहीये. विला इथे वाढली. तिचं घोडं इथे, शाळा इथे, आई इथे."

"आई मी आहे."

"माझी आई म्हणत होतो." तो अजूनही शांत होता. आरडाओरडा केला असता तर तिला तो माणूस ओळखीचा वाटला असता. "तुला वेळ असतो का तिच्यासाठी? खरं सांग. मी दोष देत नाही. कामाला वाघ आहेस तू. पण पोरीचं सगळं आईच बघते ना?"

टीगनने कुंपणाची तार घट्ट धरली.

"तीन वाजत आले," डार्सी म्हणाला, आणि चिखलातला पाय उपसून काढला. "चौदाला आधी घे. तिला ठणकत असणार."

आणि ती गेली. चौदाला आधी घेतलं. कास खरंच तापली होती. टीगनने तिच्या पोटाला कपाळ टेकलं आणि थोडा वेळ तशीच राहिली. गाय हलली नाही. त्या दिवशी अख्ख्या टारवांगात कुणी तिला इतकं जवळ येऊ दिलं नव्हतं.

*

समुद्राकाठच्या शहरात एक वकीलबाई मिळाल्या. अडीचशे किलोमीटर. फोनवर त्यांनी आधी नाव विचारलं, टीगनने श्वास धरला, आणि पलीकडून फक्त "हॅड्रिकला दोन डी का?" एवढंच आलं. टीगनला फोनवरच रडू फुटलं. बाईंचं नाव दिमित्रा कालिस. कोर्टाचे सगळे कागद समोरच्या वकिलाकडून मागवून ठेवते, सोमवारी या, अकराला, असं त्या म्हणाल्या.

सोमवारी पहाटेची धार तिने चारलाच सुरू केली. सात वाजता हात धुतले, वहीत लिहिलं, घरात डोकावली. विला आजीकडे नाश्ता करत असणार. नोला, डार्सीची आई, रोज साडेसहाला येऊन पोरीला घेऊन जाई, अंडं-पाव देई, वेण्या घालून पावणेआठच्या बसला बसवी. नोला वाईट बाई नव्हती. कडक होती, पण विलाच्या डब्यात सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू लावायची तीच. टीगन स्वयंपाकघराच्या दारातून परत फिरली आणि गाडीत बसली.

कालिसबाई साठीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीला लटकलेला. त्यांनी खिडकी उघडली नाही. उलट खुर्ची जवळ ओढली.

"गाईंचा धंदा? माझ्या वडिलांच्या शेळ्या होत्या. बसा. काही खाल्लंत?"

"हो," टीगन खोटं बोलली.

बाईंनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि विचारायला सुरुवात केली. लग्न कधी, वेगळे कधी झालात, मुलीला दमा आहे का, डॉक्टर कोण. टीगन भराभर सांगत होती. कित्येक दिवसांनी कुणी तिचं ऐकून घेत होतं.

"मुलीला सकाळी उठवतं कोण?"

"माझी सासू."

"नाश्ता?"

"तीच. मी गोठ्यात असते ना."

"शाळेतून आल्यावर? बसवर कोण जातं?"

"पावणेचारला येते बस. तेव्हा माझी दुसरी धार चालू असते. नोला जाते गाडी घेऊन."

"तुम्ही कधीच गेला नाहीत?"

टीगनने आठवून बघितलं. "एकदा गेले होते. मागच्या वर्षी जुलैत. माझे सासरे वारले त्या दिवशी. विलाला मीच सांगावं असं ठरलं. कीथ होता तेव्हा धारेला."

बाईंनी ते लिहून घेतलं. फार वेळ लिहीत होत्या, असं टीगनला वाटलं.

"तुम्ही त्या शेतावर किती राबता, याचं काही लेखी आहे?"

इथे टीगनचा चेहरा खुलला. आता कुठे तिच्या बाजूचं काहीतरी निघालं होतं. "आहे तर! गोठ्याची वही आहे. डिसेंबरपासून एक धार चुकवलेली नाही मी. रोजची वेळ, माझ्या हाताने. एक दिवस खाडा नाही. तापात पण गेले. बघा तुम्ही, कोर्टात कुणीही बघावं."

कालिसबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग टेबलावरचा कागदांचा जाडजूड गठ्ठा ओढला आणि मधे निळी चिठ्ठी लावली होती तिथे उघडून तिच्यापुढे फिरवला.

तिचंच अक्षर होतं. सुरू ४.३५, संपली ७.४०. सुरू ३.००, संपली ६.१०. टीगन. टीगन. टीगन. पानामागून पान, एकही सुटलेलं नव्हतं. ते तापातलं वेड्यावाकड्या अक्षराचं पानसुद्धा होतं. शेणाच्या बोटांचे डाग झेरॉक्समध्ये काळे आले होते.

"हे त्यांनीच दिलंय," बाई हळू म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं असं की मूल घरी असतं त्या वेळी आई घरी नसते. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. आणि पुरावा आईच्याच सहीचा."

टीगन त्या पानांकडे बघत राहिली. वेळा जरा नीट लिहीत जा. सुतळी त्याने बांधली होती, पेन्सिलसुद्धा त्यानेच तासून ठेवली होती.

"पण मी काम करत होते," ती म्हणाली. "मी कुठे नाचायला गेले नव्हते. मी त्यांचंच काम करत होते."

"मला माहीत आहे. न्यायाधीशांना मी सांगेन ते. कीथला साक्षीला आणीन, त्याला का काढलं ते विचारीन. केस मी घेतेय, घाबरू नका." त्यांनी तिच्या सुजलेल्या मनगटावर हात ठेवला. "पण आजपासून तुम्ही बसवर असायला हवं. रोज."

"आणि गाई?"

"गाई माझ्या खात्यात येत नाहीत. मात्र एक लक्षात ठेवा. गाई ओरडल्या तर तेही लिहून ठेवणारं कुणीतरी असेल तिथे. दुसरा माणूस बघा धारेला."

*

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना तिने कीथला फोन लावला.

"कीथ, आज दुपारची धार काढशील? आजच्यापुरती."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं.

"काढली असती गं. पण डार्सीने मागच्या आठवड्यात येऊन सांगितलंय, हद्दीत पाऊल टाकलंस तर पोलीस बोलावीन. मला कळेना, असं का बोलतोय. मी काही केलं का?"

"नाही," टीगन म्हणाली. "तू काही केलं नाहीस."

मागच्या आठवड्यात. म्हणजे तिला आज काय सुचेल, ते डार्सीला तेव्हाच सुचलं होतं. उरलेले शंभर किलोमीटर तिने रेडिओ न लावता गाडी हाकली. दोन्ही बाजूंना पिवळी कुरणं, हाडं वर आलेली मेंढरं, एका ठिकाणी वाळलेल्या तळ्यात रुतलेली कुणाची तरी मोटरसायकल. पश्चिमेला ढग होता खरा, पण असले ढग दोन महिने येत होते आणि जात होते.

हॅड्रिकांच्या फाट्यावर ती पोचली तेव्हा तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. उजवीकडे गोठा. डावीकडे, दोन किलोमीटरवर, पत्र्याच्या टपरीशी बसचा थांबा. तिने गाडी थांबवली आणि काच खाली केली. ओरडणं इथवर येत होतं. एकशेऐंशी गाई फाटकाशी गोळा होऊन वाट बघत होत्या. अर्धा-पाऊण तास उशिराने गाय मरत नाही, पण चौदाला ठणकत असणार. दोन्ही हात आपसूक उजवीकडे चाक फिरवायला लागले. बारा वर्षांचे हात होते ते.

तिने चाक डावीकडे ओढलं.

थांब्यावर नोलाची पांढरी गाडी आधीच उभी होती. काच खाली, नोलाचा कोपर बाहेर. टीगनला बघून तिने कोपर आत घेतला.

"टीगन? आत्ता? गाई ओरडतायत."

"ऐकू येतंय मला. विलाला न्यायला आलेय."

"मी आहे की."

"तुम्ही आहात ते माहीत आहे, नोला. आजपासून मी येत जाईन."

नोलाने तिच्याकडे निरखून बघितलं. रागाने नाही, आजाऱ्याकडे बघावं तसं. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. शेजारच्या सीटवर एक लहानशी लाल डायरी होती, ती मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. टीगनने ती डायरी पूर्वी पाहिली होती. केकच्या कृती असतील असं तिला वाटायचं.

बस धूळ उडवत आली. दार उघडलं. आधी कुणाची तरी दोन पोरं उतरली, मग विला. एक वेणी सुटलेली, गुडघ्याला खरचटलेलं, मोजा घोट्यावर आलेला. ती सवयीने पांढऱ्या गाडीकडे निघाली. चार पावलं गेली, आणि तिला आई दिसली.

टीगनने हात पसरले. तिला केवढं हसू आलं होतं, आणि केवढं रडू. किती दिवसांनी दिवसाउजेडी पोरीचं तोंड ती नीट बघत होती.

विला हसली नाही. जिथे होती तिथेच उभी राहिली. तिच्या तोंडाचा रंग उतरला. तिने आईकडे बघितलं, मग आजीच्या गाडीकडे बघितलं, आजी आहे ना हे बघायला. आजी होती. मग तिने मान वळवून रस्त्याच्या टोकाकडे बघितलं, घराकडे, जिथून गाईंचं ओरडणं येत होतं. दप्तर खांद्यावरून घसरून धुळीत पडलं.

"आई," तिने विचारलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही गं. कुणी नाही, राणी. मी तुला न्यायला आलेय."

"खरं सांग. बाबा?"

"बाबा बरे आहेत. सगळे बरे आहेत."

"मग तू का आलीस?"

टीगन धुळीत गुडघ्यांवर बसली आणि तिला जवळ घ्यायला गेली. विला अंग चोरून उभी राहिली, आणि मोठ्याने रडायला लागली. मागे गाडीत नोलाने हे सगळं बघितलं, घड्याळ बघितलं, आणि लिहायला घेतलं.